पुढचीनं मागं पाहायचं नाही

ताईचे पाय पहिल्यांदा चिकटले ते स्वयंपाकघराच्या दारात. हातात वरणाचं पातेलं होतं, माझ्याशी बोलणं चाललं होतं, आणि उंबरठ्यापाशी येऊन ती जी थांबली ती थांबलीच. मला वाटलं, काही विसरली असेल. मी ताटं मांडून बसले होते, पोटात कावळे ओरडत होते. मी बसल्या जागेवरूनच म्हटलं, "ताई, वरण थंड होऊन राह्यलं ना!"

"पाय उचलून नाई राह्यला वं," ती म्हणाली. अगदी साध्या आवाजात, शेजारच्या कोणाचा पाय असावा तसं.

मी उठले, पातेलं घेतलं, तिच्या कमरेला हात घालून ओढलं. वरचं अंग पुढे आलं, पाय तिथेच राहिले. पडता पडता दोघी वाचलो. मग बराच वेळ आम्ही तशाच उभ्या होतो, ती उंबरठ्याच्या अलीकडे आणि मी पलीकडे, आणि वरणावर साय धरत होती.

कंपवात आहे हे आधीच कळलं होतं. उजवा हात थरथरायचा, गोळ्या चालू होत्या. पाय चिकटण्याचं डॉक्टरांनी नंतर समजावलं. म्हणाले, या आजारात असं होतं, दारात, अरुंद जागेत, वळताना. मोकळ्या रस्त्यावर माणूस बरा चालतो आणि स्वतःच्या घराच्या दारात अडकतो. मला त्या आजाराचा असा संताप आला की काय सांगू. जन्मभर दुसऱ्यांची पोरं शिकवलेल्या, कोणाच्या अध्यात ना मध्यात असलेल्या बाईला तिच्याच घरात अडवायचं, ही कसली रीत?

घर सेलूचं. ताईच्या यजमानांनी, बापूरावांनी, बांधलेलं. ते गेले त्याला बरीच वर्षं झाली. मी माणिक, ताईची धाकटी बहीण. वर्ध्याला सरकारी कचेरीत कारकून होते, निवृत्त झाले आणि ताईकडे राहायला आले. लग्न केलं नाही. का केलं नाही ते विचारू नका, ते विचारणारे सगळे मरून गेले आणि मला अजून उत्तर सापडलेलं नाही. मला ताईशिवाय दुसरं कोणी नव्हतं, एवढं कळलं तरी पुरे.

ताईला एकच मुलगा, धीरज. पुण्याला नोकरी. वाईट नाही तो, फोन रोज करतो. पण ताई न्हाणीच्या दारात दुसऱ्यांदा पडली तेव्हा तो मला फोनवर म्हणाला, "मावशी, नागपूरला एक सेंटर पाहून ठेवलंय. चोवीस तास माणसं असतात. आई पडली तर तू उचलणार कशी? तू पण साठीच्या पुढची."

"उचलीन मी," मी म्हटलं.

"दिवाळीला येतो, तेव्हा पाहू. आई तिच्या पायानं घरात फिरत असेल तर राहू दे सेलूलाच. नसेल फिरत तर मावशी, मग मात्र ऐकावं लागेल."

ताई बाजूलाच बसली होती, फोन स्पीकरवर होता. तिने ऐकलं. संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना म्हणाली, "माणिक, मले तिकडं नको पाठवू." एवढंच म्हणाली. ताईने आयुष्यात माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. तिने मागायचं नि मी द्यायचं असं आमचं नातंच नव्हतं, उलटंच होतं. म्हणून ते वाक्य माझ्या छातीत रुतून बसलं.

पोळ्याच्या सुमारास एका दुपारी ती पुन्हा मागच्या दारात अडकली. मी तिच्या मागे होते, बादली हातात. ती उभी होती, उजवा पाय किंचित पुढे, मान ताठ, दोन्ही हात अंगाशी. आणि मला एकदम वाटलं, हिला मी अशी उभी पाहिली आहे. शेकडो वेळा पाहिली आहे. अशीच, पाठमोरी, ठेका पडायची वाट पाहत. माझ्या तोंडून आपोआप गेलं, "ता थै थै तत."

ताईचा पाय उचलला.

मी बादली खाली ठेवली. "आ थै थै तत," मी म्हटलं, आणि ती उंबरठा ओलांडून अंगणात उतरली. तशीच चालत चालत तुळशीपर्यंत गेली. मी तिच्या मागे बोल म्हणत गेले, रडत रडत. शेजारच्या बाईने भिंतीवरून पाहिलं आणि डोक्याला हात लावला असेल.

ते बोल हरिभाऊ मास्तरांचे. म्हणजे कथकाचेच, पण आम्हाला ते मास्तरांच्या घशातूनच ठाऊक. हरिभाऊ आमच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. तरुणपणी नागपूरला कथक शिकले होते, आणि पोटापाण्यासाठी रंगपेटी हातात आली तरी ते पायातून गेलं नव्हतं. रविवारी सकाळी एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात ते मुलींचा क्लास घ्यायचे. पुरुष मास्तर आणि नाचाचा क्लास! सेलूत तेव्हा केवढा गहजब. म्हणून त्यांची बायको धुरपताबाई पूर्ण वेळ दाराशी बसायची. गोदामाच्या कोपऱ्याकोपऱ्यात जुना कापूस चिकटलेला असायचा, तो ती वेचायची आणि आम्ही नाचेस्तोवर फुलवाती वळायची. आमच्या बाबांनी धुरपताबाईला पाहूनच परवानगी दिली. नाचून घरी गेलो की आई आमच्या केसांतून कापूस काढत बसायची आणि म्हणायची, "नाचाले गेलत्या का गाद्या भराले?"

आरसा नव्हता. मास्तरांची पद्धत वेगळी होती. ते एका मुलीला पुढे उभं करायचे, बाकीच्या तिच्या मागे. स्वतः बाजूला बसून पाटावर लाकडाचा ठोकळा हाणायचे. शिकवायचं ते त्या पुढचीला शिकवायचे, मागच्यांनी तिची पाठ पाहून उचलायचं. पुढची म्हणजे ताई. कुंता. मी तिच्या थेट मागे, कारण मी सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत चुकणारी. मला तिची वेणी माहीत होती, लाल रिबिनीची, गिरकीत ती कशी आधी जाते आणि मागून कशी येते. ओढणीची कमरेवरची गाठ माहीत होती. उजवा खांदा उतरला की पुढचा पाय डावा, हे माहीत होतं. लोक मला विचारायचे, तुला पण येतो का नाच? मला नाच येत नव्हता. मला ताईची पाठ येत होती.

आणि मास्तरांचा एक नियम होता. तो ते दर रविवारी सांगायचे, देवाचं नाव घ्यावं तसा. "पुढचीनं मागं पाहाचं नाई. मागच्या हायेत का मेल्या, ते कानानं समजाचं. तू पाह्यलं का तुही लय गेली, तुही गेली का समद्यायची गेली." ताईने एकदा मान वळवली होती, सुरुवातीला. तिच्या पाठीत ठोकळा बसला होता.

वर्ध्याला एका मोठ्या हॉलमध्ये आमचा कार्यक्रम ठरला. आईने दोघींना सारख्या रंगाचे परकर शिवले. ऐन तत्काराच्या, पायांच्या कामाच्या मधे माझ्या डाव्या पायातल्या घुंगरांची दोरी सुटली. माझाच पाय तिच्यावर पडला आणि मी स्टेजवर बसलेच. लोक खो खो हसले. मी पाहिलं ताईकडे. तिची पाठ तशीच. वेणी गेली, आली. ती थेट समेपर्यंत नाचली, बाकीच्या मुली तिच्यामागे नाचल्या, मी मधे बसून भोकाड पसरलेलं.

परतीच्या एसटीत मी तिला चिमटे काढले. "तुले समजलंच नाई का मी पडली ते?"

"समजलं ना. ऐकू आलं मले. मागं एक पाय कमी झालता."

"मंग काऊन नाई पाह्यलं?"

"पाह्यलं असतं तर समद्याच थांबल्या असत्या वं," ताई म्हणाली, आणि खिडकीबाहेर पाहत राहिली. ती तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची असेल. मला वाटलं, केवढी कठोर आहे ही. मी मनाशी ठरवलं की एक दिवस मी पुढे उभी राहणार आणि ही मागे, आणि ही पडली तर मी पण ढुंकून पाहणार नाही. पोरीबाळींच्या असल्या शपथा, दुसऱ्या दिवशी विसरल्या जातात. पण पुढे उभं राहायची इच्छा काही गेली नाही. ती पुरी व्हायचीही नव्हती. पुढच्याच वर्षी गोदामात खताची पोती आली, मास्तर बदली होऊन समुद्रपूरला गेले, आणि ताईचं लग्न झालं. लग्नानंतर ताई नाचली नाही. शाळेत नोकरी केली, गॅदरिंगला पोरींचे नाच बसवून द्यायची, पण स्वतः कधी पाय वाजवला नाही. मी विचारलं होतं एकदा. म्हणाली, "आता कोणासमोर नाचू?"

तर त्या दुपारपासून आमचा क्लास पुन्हा सुरू झाला. रोज सकाळी, चहा झाल्यावर. ताई पुढे, मी मागे तिच्या कमरेला हात लावून, कानापाशी बोल. पुन्हा तीच पाठ. आता वाकलेली, ब्लाउज खांद्यावरून उतरणारा, वेणीच्या जागी बोटाएवढा अंबाडा. पण उजवा खांदा उतरला की अजूनही डावा पाय निघायचा. खोलीतून माजघर, माजघरातून ओसरी, ओसरीतून परत मागचं दार. प्रत्येक उंबरठ्यावर सम आणायची, म्हणजे बोलाचा शेवटचा ठोका पाय पलीकडे पडायच्या वेळी यायला हवा. ते जमलं की ती अडकत नसे. मी चुकले की ती मला ओरडायची, "घाई करून राह्यली तू! तवाही घाईच करे." तिला ओरडताना पाहून मला इतकं बरं वाटायचं. आजाराने तिचा चेहरा लाकडासारखा झाला होता, त्यावर हसू उमटत नसे, राग उमटत नसे. आवाजात मात्र अजून ताई होती.

मी धीरजला फोनवर काही सांगितलं नाही. म्हटलं, येऊ दे दिवाळीला, डोळ्यांनी पाहू दे.

नवरात्रात गाडी घसरली. मी मागून बोलले की ताई आवाजाकडे वळायला पाहायची. का कोण जाणे. वळली की तोल जायचा. वर्ध्याहून आदेश नावाचा तरुण फिजिओ यायचा व्यायाम घ्यायला, गोड बोलणारा पोरगा. त्याने दोन दिवस पाहिलं आणि म्हणाला, "मावशी, मागून नका बोलू. तुम्ही समोर चाला. त्यायले पाहाले काहीतरी पाहिजे."

"समोर म्हणजे तिच्याकडे तोंड करून?"

"नाई, नाई. उलटं चालान तं तुम्हीच पडान. पाठ करून चाला. त्या तुमच्या मागं येतीन."

मी ताईकडे पाहिलं. लाकडी चेहऱ्यातून ती म्हणाली, "शेवटी आलीच पुढं." आणि मग, "मागं नको पाहू पण."

हे काही तिने मास्तरांच्या आठवणीने म्हटलं नव्हतं. खरंच तसं होतं. पहिल्याच दिवशी माजघराच्या दारात मला राहवलं नाही, मी वळून पाहिलं, आणि मी वळले तशी माझी लय गेली, बोल तुटला, ताईचे पाय जमिनीत गेले. परत हलेनात. मास्तरांचं खरं होतं. पुढचीने पाहिलं की सगळं थांबतं. तिथून पुढे मी पाहिलं नाही.

मी कानाने चालायला शिकले. फरशीवर ताईचा डावा पाय पडायचा तो थप्, उजवा ओढत यायचा तो सर्र. थप्, सर्र, थप्, सर्र, आणि वर माझे बोल. मी पुढे चालत असे आणि माझी पाठ ऐकत असे, असंच म्हणायला हवं. एवढ्या वयात मला पहिल्यांदा कळलं की वर्ध्याच्या त्या स्टेजवर ताईला किती ऐकू येत होतं. दसऱ्यापर्यंत आम्ही सगळं घर फिरायला लागलो. ताई कधीच कौतुक करत नाही, तिने केलंही नाही. पण एका सकाळी ओसरीत पोचल्यावर ती खुर्चीत टेकली आणि म्हणाली, "येऊ दे आता धीरजले."

धीरज लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आला. ताईने सकाळीच आंघोळ करून जांभळी साडी नेसवून घेतली. माझ्याकडून पावडर लावून घेतली. मी पण कधी नव्हे ते चांगलं पातळ नेसले. धीरजला मी ओसरीत खुर्ची दिली आणि म्हटलं, "बस इथं. उठायचं नाही. तुझी आई आतून चालत येणार आहे."

"मावशी, काय हे, कार्यक्रम आहे का?" तो हसला. प्रवासाने दमलेला होता, पण बसला.

आत ताई पलंगाच्या कडेला उभी होती. उजवा हात जोरात थरथरत होता, नेहमीपेक्षा जास्त. तिलाही धाकधूक होती. मी तिच्या पुढे जाऊन उभी राहिले, पाठ करून. "चालू करू?"

"कर. घाई नको करू."

ता थै थै तत. आ थै थै तत. थप्, सर्र, थप्, सर्र. खोलीचा उंबरठा आला, सम आणली, गेली ती पलीकडे. माजघर आम्ही सबंध ओलांडलं. माझ्या मागे इतका सुरेख पाय पडत होता की मला हसू येत होतं. मला वाटत होतं, मास्तर असते तर. आई असती तर. मी पुढे होते. ऐका, मी पुढे होते आणि माझ्या मागे ताई होती आणि आम्ही चुकत नव्हतो. त्या काही क्षणांत मी सेंटर विसरले, आजार विसरले, खोटं कशाला बोलू, ताईलाही विसरले असेन. मी नाचत होते.

ओसरीचा उंबरठा मी ओलांडला. समोर धीरज, खुर्चीत पुढे सरकून बसलेला, तोंडावर हसू, डोळे भरलेले. मागे थप्. मग सर्र यायला हवा होता. आला नाही.

एक पाय कमी झाला. मला ऐकू आलं.

पाहायचं नाही. पाहिलं की थांबेल. पुढच्या ठोक्याला उचलेल ती, याच्या आधी उचललेला आहे, बोल तुटू द्यायचा नाही. मी पुढचा बोल म्हटला. मागे काही नाही. धीरजच्या तोंडावरचं हसू जात होतं, ते मी पाहत होते. मी त्याच्या पुढचा बोल म्हटला. धीरज खुर्चीतून उठत होता, त्याचा हात पुढे येत होता, माझ्याकडे नाही, माझ्या मागे. आणि तरी मी समेपर्यंत गेले. सम आली, मी पाय आपटला, आणि त्याच ठोक्याला माझ्या मागे ताई पडली.

खुब्याचं हाड मोडलं. वर्ध्याला दवाखान्यात ऑपरेशन झालं. दिवाळीचे दिवस, बाहेर फटाके, आत त्या औषधांचा वास. धीरज मला म्हणाला, "मावशी, तुझी काही चूक नाही." दोनदा म्हणाला. त्याने मला शिव्या घातल्या असत्या तर मी त्याची ऋणी राहिले असते. एकदाच, पाणी देताना, माझ्याकडे न पाहता त्याने विचारलं, "तुला कळलं नाही का, ती थांबली ते?"

"कळलं," मी म्हटलं.  गोदाम, ठोकळा, पाठ, हे त्याला कुठून सांगायला घेऊ? 

ऑपरेशनला नेण्याआधी ताईने मला जवळ बोलावलं. औषधाने तिची जीभ जड झाली होती. मला वाटलं, आता विचारेल. पाह्यलं काऊन नाई वं, विचारेल. मी जिला एसटीत चिमटे काढले होते तिने आता काढावेत, माझी तयारी होती. मला ते हवंच होतं.

ताई म्हणाली, "सम बराबर आली तुई."

बास. तिला नेलं. मी त्या पॅसेजमधे भिंतीला टेकून उभी राहिले. सबंध लहानपण मी या एका वाक्यासाठी घालवलं होतं. मास्तरांनी नाही, ताईने म्हणावं, एकदा म्हणावं. आणि म्हणून झालं. ते परत घे, असं मी तिला म्हणू शकले नाही.

ताई आता नागपूरच्या सेंटरमध्ये आहे. जागा स्वच्छ आहे, माणसं बरी आहेत, उंबरठे नाहीत. एकही नाही, सगळीकडे सपाट फरशी, चाकाची खुर्ची सरळ जावी म्हणून. पहिल्यांदा गेले तेव्हा ते पाहून मला हसूच फुटलं, आणि मग थांबेना, तिथल्या नर्सने मला पाणी आणून दिलं. ताई चालत नाही. उभीही राहत नाही. बोलणं आत आत जात गेलं, आणि आता ओठ हलतात पण आवाज येत नाही. सेलूचं घर मी झाडते, पुसते, ओसरीचा उंबरठा चौकट धरून ओलांडते. रात्री तिथे झोपायला मला भीती वाटते, आणि दुसरीकडे कुठे झोपणार?

दर गुरुवारी एसटीने जाते. सुरुवातीला मी तिच्याकडे तोंड करून बसायचे आणि गप्पा मारायचे, कोणाकडे काय झालं, भाजी कितीला झाली. ती माझ्याकडे पाहायची नाही. छताकडे पाहायची. एकदा, आवाज होता तेव्हा, तिने हाताने खूण केली. मला वाटलं, पाणी हवंय. पाणी नको होतं. "पुढं बस," ती म्हणाली. मला कळेना. "फिरून बस. पाठ दिसू दे."

तेव्हापासून मी पलंगाच्या कडेवर तिच्याकडे पाठ करून बसते. ती पाहते की नाही, मला कसं कळणार? वेणी नाही मला, रिबिनी नाहीत. म्हातारीची पाठ, ती काय पाहायची.

मागे तिचा उजवा हात पलंगाच्या लोखंडी दांडीवर असतो आणि बोटातली अंगठी दांडीवर वाजत राहते, टिकटिक टिकटिक. एकदा मला वाटलं, ठेका देते आहे.  मी हळूच तिच्या अंगठीबरोबर बोल धरला, ता थै थै तत, आ थै थै तत. बसेना. पुन्हा धरला, पुन्हा सुटला. तिथली आयाबाई चादरी बदलत होती. ती माझ्याकडे दयेने पाहत म्हणाली, "बाई, ते बिमारीचं हाये. त्याले कायचा ताल?"

खरं आहे. त्याला ताल नाही, त्याला सम नाही, ते कुठेच जाऊन पोचत नाही. तरी मी ते ऐकत बसते, संध्याकाळची एसटी सुटायची वेळ होईपर्यंत. ते वाजतंय तोवर ताई मागे आहे. ते थांबलं तर मी लगेच मागे वळून पाहणार आहे, नियम गेला खड्ड्यात. पण पाहून मी करणार काय, ते मला माहीत नाही.